शिकवण्याआधी शिकावे

परदेशातून सेवाभावाने शिकवण्यास येणारे तरुण बरोबर पुस्तके आणि उत्साह घेऊन येतात. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर मात्र पहिला धडा त्यांनाच गिरवावा लागतो, असे आम्हांस वाटते.

सावित्रीच्या या खोऱ्यात शाळेचे दिवस पाऊस ठरवतो. ओढ्यांना पूर आला की डोंगरवाडीवरील मुलांची वाट अडते. भातकापणी उरकली की अनेक कातकरी कुटुंबे मुलांसह वीटभट्टीच्या वा कोळसा पाडण्याच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. रिकाम्या जागा पाहून नवखा शिक्षक मुलांना अभ्यासाची गोडी नाही असे समजतो. खरे कारण घरच्या चुलीशी निगडित असते.

या संदर्भात फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली, कोकणीचे व्याकरण लिहिले. त्यांचे ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले. मधली सदतीस वर्षे लक्षात घेण्याजोगी आहेत.

ज्याच्या हाती सहाच महिने आहेत त्याने काय करावे? मराठी शिकावी, मुलांची कातकरी बोली कान देऊन ऐकावी, पालकांच्या अंगणात बसावे आणि वर्गात स्थानिक शिक्षकाला साहाय्य करावे. त्याची जागा घेऊ नये. पाहुणा एक दिवस परत जाईल. तो शिक्षक आणि ती मुले येथेच राहणार आहेत.