सादळलेला चिवडा

"रात्रीचा भात सोडलाय मी," आत्या मोठ्या अभिमानाने सांगते. मग अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्याचं झाकण कोण काढतं? मांजर? आवाज होऊ नये म्हणून झाकणावर पदर धरायचा आणि चमच्याच्या दांड्याने हळूच उचकायचं, हे तंत्र तिने चांगलं बसवलंय. तरी शेवटी 'टक्' वाजतंच.

आमच्या रामनगरच्या बसस्टँडपासून जोयड्याच्या बाजारापर्यंत मी हा एकच सल्ला ऐकत आलोय. रात्री चरायची सवय मोडायचीय ना? मग रात्रीचं जेवण बंद करा आणि मन घट्ट करा. ऐकून ऐकून कान किटले. अहो, सवय लागते ती बऱ्याचदा याच सल्ल्यामुळे.

भुकेलाही घड्याळ असतं. अमेरिकेत फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना मंद उजेडाच्या प्रयोगशाळेत ठेवलं. त्यांची जेवणं आणि झोप दिवसरात्रीच्या सगळ्या वेळांत सारखी वाटून दिली आणि भुकेची नोंद घेतली. २०१३ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की शरीराच्या घड्याळानुसार भूक सगळ्यात कमी असते सकाळी आठच्या सुमारास आणि सगळ्यात जास्त रात्री आठच्या सुमारास. आता बघा, भूक ऐन भरात असताना ताट बाजूला सारायचं आणि तीन तासांनी डब्यासमोर उभं राहून मन घट्ट करायचं. जमेल कसं?

त्यात सकाळी भूक कमी, म्हणून सकाळचं खाणंही आपण चहा-बिस्किटांवर भागवतो. आमच्या भागात पूर्वी दहा-साडेदहाला पेज व्हायची. उकड्या तांदळाची, वर लोणच्याची फोड, असली तर सुक्या मासळीची भाजलेली शेपटी. शेतावरचा माणूस ती पिऊन पुन्हा कामाला लागायचा. दुपारी पोटभर जेवण, रात्री आठच्या आत पुन्हा भात, की झोप. त्या पिढीची इच्छाशक्ती काही वाघाची नव्हती. दिवसभर पोटात पडलेलं असायचं आणि जागं राहायला दिवेच नसायचे. आता नोकरीच्या वेळांत पेज गेली, दुपारचा डबा अर्धा परत येतो, आणि दिवसभराची थकबाकी पोट रात्री अकराला वसूल करतं.

पण सगळीच रात्रीची भूक ही भूक नसते. इथेच चिवडा येतो. जुलैत आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पापडाचं सोडा, काडीपेटीसुद्धा सादळते. डब्यातला चिवडा तर चामड्यासारखा होतो. तो आत्या खाते. मीही खातो, खोटं कशाला बोलू! चव नाही, कुरकुरीतपणा नाही, तरी मालिका संपून मोबाईल हातात आला की दुसरा हात आपोआप डब्यात.

डेव्हिड नील आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच दाखवलं. त्यांनी सिनेमागृहात पॉपकॉर्न वाटलं, काहींना ताजं आणि काहींना सात दिवसांचं शिळं. सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं, आवडत नसूनही. तशाच माणसांना सभेच्या खोलीत बसवून गाण्यांच्या फिती दाखवल्या, तेव्हा मात्र शिळं पॉपकॉर्न मागे उरलं. सवय अशी जागेला आणि वेळेला चिकटलेली असते, मग तिथे मनाला शिव्या देऊन काय उपयोग?

ओळखायची साधी खूण सांगतो. अकरा वाजता चिवड्याऐवजी सकाळची गार पेज किंवा काटेकणगीचा उकडलेला कंद पुढे ठेवा. ते चालत असेल तर खरी भूक आहे. खुशाल खा आणि उद्या दिवसा नीट जेवा. "नको, चिवडाच हवा" असं वाटलं तर ती डब्याची हाक. मग डबा माळ्यावर आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो. आठनंतर पचन बंद पडत नाही, जठराला शटर नसतं. मात्र तेच जेवण सकाळपेक्षा रात्री घेतलं तर रक्तातली साखर जास्त चढते आणि जेवून लगेच आडवं झालं की आंबट पाणी वर येतं, म्हणून झोपेआधी दोन-तीन तास जेवण उरकावं. रात्री केळं खाल्ल्याने सर्दी होत नाही, ती विषाणूने होते. 'भाजका चिवडा चालतो' म्हणणाऱ्यांनी त्यातले शेंगदाणे मोजावेत. ३० ग्रॅम दाण्यांत १७० च्या आसपास कॅलरी असतात. जागरण केलं तर भूक फक्त वेळ जात नाही म्हणून लागते असंही नाही. २००४ च्या एका अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं.

एक गैरसमज मात्र धोक्याचा आहे: मधुमेह असलेल्याने रात्री तोंडात काही घालूच नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना मध्यरात्री घाम फुटला, हातपाय थरथरले, तर साखर घसरलेली असू शकते. तेव्हा आधी साखर-पाणी, आणि सकाळी डॉक्टरांकडे. रोजच झोपेतून उठून खावं लागत असेल तर तोही डॉक्टरांना सांगण्याचा विषय आहे. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी रात्रीच्या खाण्याचा हा विकार १९५५ सालीच नोंदवून ठेवलाय.

आणि ते '२१ दिवसांत सवय मोडते'! लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर पाहणी केली, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ इतके. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

आत्याने जूनपासून दहाची पेज पुन्हा सुरू केली, रात्रीचा भातही. डबा माळ्यावर गेला. चवथीच्या रात्री शिडी लावल्याचा आवाज आला तेव्हा मी कूस बदलून झोपलो.