वादळानंतरचें घर

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यांत, कर्नाटकाच्या सीमेजवळ, मुरुम हें गांव आहे. काळी जमीन, बेभरंवशाचा पाऊस, ज्वारी, तूर, हरभरा, अलीकडे सोयाबीन, आणि जेथें पाणी आहे तेथें ऊंस, असा या बाजूच्या शेतीचा सामान्य बेत आहे. येथील शेतकऱ्यास अवर्षणाची भीति लहानपणापासून ठाऊक असते. परंतु अवर्षण पावलापावलानें येतें व माणसास विचार करण्यास अवकाश देतें. चैत्र-वैशाखांतील वादळवाऱ्याची रीत निराळी. तो अर्ध्या घटकेंत येतो, आणि डोक्यावरचें छप्पर, गंजीचा कडबा व झाडावरचा आंबा एकदम घेऊन जातो. अशा आघातानंतर शेतकरी कुटुंब पुन्हां कसें उभें राहतें, व त्यास उभें राहणें सोपें व्हावें म्हणून काय करितां येईल, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

वारा कोठून येतो

फाल्गुन सरला म्हणजे जमीन तापूं लागते. तापलेली हवा वर चढते, तींत समुद्रावरून आलेला ओलावा मिसळतो, आणि दुपारनंतर ढगांचे उंच मनोरे उभे राहतात. त्यांतून पाऊस व गारा पडूं लागल्या म्हणजे त्यांच्याबरोबर थंड हवेचा लोटही खालीं कोसळतो व जमिनीवर आपटून चोहोंकडे पसरतो. पहिल्या थेंबाच्या आधीं जो धुळीचा लोट येतो तो हाच. त्याचा पट्टा पुष्कळदां अरुंद असतो. म्हणून एका शिवारांत सर्व आडवें होतें व शेजारच्या शिवारांत कांहींच होत नाहीं. यांत कोणाच्या पापपुण्याचा हिशेब शोधण्याचें कारण नाहीं. 2014 सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत गारपीट झाली, तेव्हां मराठवाड्यांतील काढणीस आलेली रब्बी पिकें मातीमोल झालीं. त्यांत आळशी शेतकऱ्याचें शेत गेलें, तसें उद्योगी शेतकऱ्याचेंही गेलें.

माळवद गेलें, पत्रे आले

या भागांतील जुनें घर माळवदाचें असे. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लांकडी तुळया, आणि तुळयांवर मातीचा जाड थर. असें घर उन्हाळ्यांत थंड राही, व कसलाही वारा तें छप्पर उचलूं शकत नसे. परंतु ता. 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहांटें 3 वाजून 56 मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांपैकीं बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखालीं गाडलीं गेलीं. त्या वेळीं उमरगा तालुक्यांत असलेलें व आतां लोहारा तालुक्यांत मोडणारें सास्तूर हें गांव अशाच उद्ध्वस्त गांवांपैकीं एक होय.

त्या पहांटेनंतर पुष्कळांच्या मनांत जड छपराविषयीं जी धास्ती बसली ती समजण्यासारखी आहे. अनेकांनीं हलके पत्रे पसंत केले. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वांचण्याची आशा असते. परंतु जें हलकें तें वाऱ्यानें उडतें. भूकंपापासून वांचविणारें छप्पर वादळाच्या स्वाधीन झालें, आणि दोन्ही संकटांचा एकत्र विचार करून घर बांधण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं राहूनच गेलें.

एका कुटुंबाची सकाळ

या शिवारांतील कोणतेंही एक मध्यम कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. सायंकाळीं वादळ होऊन गेलें आहे. निम्मे पत्रे ओढ्याच्या कांठीं पडले आहेत. धान्याच्या पोत्यांत पाणी शिरलें आहे. कडब्याची गंज विस्कटली आहे, व भिजलेला कडबा आतां काळा पडणार आहे. आंब्याखालीं कैऱ्यांचा सडा आहे. अशा सकाळीं घरधनी डोक्यास हात लावून बसला तर त्यास कोण दोष देईल ?

परंतु घरांतील वडील बाई बसत नाहीं. ती आधीं देव्हारा शोधते, तुळजाभवानीचा टाक पदरानें पुसून कोरड्या कोनाड्यांत ठेविते, आणि मग तीन दगड मांडून चूल पेटविते. मुलांस भाकरी मिळते, बैलांस पाणी मिळतें. सून पडलेल्या कैऱ्या वेंचून फोडी करावयास बसते. लोणचें व आंबोशीसारखी वाळवण यांतून चार पैसे सुटतात. धान्य उन्हांत पसरलें जातें. दुपारपर्यंत शेजारचे लोक दोर व पहार घेऊन येतात, कारण मागील खेपेस याच घरचीं माणसें त्यांच्याकडे गेलीं होतीं.

श्रद्धा म्हणजे हातावर हात ठेवून बसणें, असा एक समज शिकलेल्या लोकांत आहे. या भागाची श्रद्धा तशी नाहीं. शेजारच्या बसवकल्याणांत बाराव्या शतकांत बसवेश्वरांनीं श्रमालाच पूजेचें मोल दिलें, व ती शिकवण येथील अनेक घरांत आजही जिवंत आहे. जवळच अणदूर व नळदुर्ग येथील खंडोबा वर्षाचे कांहीं महिने एका ठिकाणीं व कांहीं महिने दुसऱ्या ठिकाणीं राहतो. देवासही बिऱ्हाड हलवावें लागतें, हें येथील लेंकरास लहानपणींच कळतें. आणि मार्गशीर्षांतील वेळ अमावास्येस प्रत्येक घर शेतांत जाऊन कडब्याची कोप उभारतें, तींत पूजा मांडतें, भज्जी-आंबिलाचें जेवण दहा जणांस घालून मगच आपण जेवतें. ती कोप वर्षभर टिकावी अशी कोणाची अपेक्षा नसते. पुढील वर्षीं ती नव्यानें उभारावयाची असते. ज्या लोकांस दरसाल नवी कोप बांधण्याची संवय आहे, त्यांस पडलेलें छप्पर पुन्हां घालण्याचें बळ कोठून येतें हें सांगावयास नको.

कोंकणाचा दाखला

ता. 3 जून 2020 रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या बाजूंच्या नारळ-पोफळीच्या बागा कांहीं तासांत झोपल्या. ज्वारीच्या शेतकऱ्यास पुढील हंगामाची आशा असते. पोफळ नव्यानें लावल्यावर फळास यावयास सहा-सात वर्षें लागतात. तेथील शेतकऱ्यांनीं पुन्हां रोपें लाविलीं, यांतच त्यांचें धैर्य दिसतें. त्यांच्या अनुभवाचा धडा आमच्याही फळबागवाल्यांनीं घ्यावा : सर्व भरंवसा एकाच दीर्घायुषी पिकावर ठेवूं नये, व नवी बाग वाढेपर्यंत तींत केळी-भाजीपाल्यासारखें लौकर पैसा देणारें पीक घ्यावें.

पुढील वादळापूर्वीं

धैर्यास कौशल्याची जोड पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा जोर चौपट होतो. तो छपरावरून वाहतांना पत्र्यास वर ओढतो, आणि उघड्या दारांतून आंत शिरून खालून ढकलतो. म्हणून पुढील गोष्टी वैशाखापूर्वीं कराव्या.

पहिली : पत्र्यांवर दगड ठेवण्याची चाल सोडावी. वारा जोराचा असला तर दगड पत्र्यास धरून ठेवीत नाहीं; तो आंत निजलेल्या माणसांवर मात्र पडतो. पत्रे आंकड्यांच्या बोल्टांनीं खालच्या नळ्यांस किंवा वाशांस जखडावे. कडेस व कोपऱ्यांत ओढ सर्वांत अधिक असते, तेथें बोल्ट जवळ जवळ घालावे. वासे लोखंडी पट्टीनें भिंतींत खोल बांधावे, म्हणजे छप्पर व भिंत एकजीव होतात.

दुसरी : वादळाची चाहूल लागतांच वाऱ्याकडील दारें-खिडक्या लावाव्या. झाडाखालीं उभें राहूं नये. वीज तेथें पडण्याचा धोका अधिक असतो. विजेची पूर्वसूचना देणारें ‘दामिनी’ हें साधन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें तयार केलें असून तें मोबाईलवर मिळतें. घरांतील तरुणांनीं तें वडील माणसांस दाखवावें.

तिसरी : कडब्याची गंज उंचवट्यावर, निमुळती व दोरांनीं आवळून रचावी. शेताच्या वाऱ्याकडील बांधावर शेवरी, बांबू, सुबाभूळ यांची ओळ लावावी. झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तिचा आडोसा पोंचतो.

चौथी : कलमाचें कोंवळें झाड मुळांसह कलंडलें तर तोडण्याची घाई करूं नये. फांद्या छाटून, झाड हळूच उभें करून, माती दाबून आधार द्यावा व जखमांस बोर्डो मलम लावावें.

पांचवी : नुकसानीचीं चित्रें मोडतोड उचलण्यापूर्वींच काढून ठेवावीं, व पंचनाम्याकरितां महसूल खात्यास लगेच कळवावें.

ज्या बाईनें चूल पेटविली तिच्यावर तीच वेळ पुन्हां पुन्हां येऊं देणें हें तिच्या श्रद्धेचें कौतुक नव्हे. तिनें घर सांवरलें. आतां पत्र्यास चार बोल्ट अधिक घालणें हें कर्त्या पुरुषांचें काम आहे. पाडव्याच्या दिवशीं गुढी उभारून झाली म्हणजे प्रत्येकानें शिडी लावून आपल्या घराचें छप्पर एकदां हातानें हालवून पाहावें.