कर्जाचे घर लवकर आपले करा

घरासाठी बँकेचे कर्ज काढलेल्या रत्नागिरीतील आमच्या तरुण व्यापारी व कारागीर बांधवांपुढे आम्ही एक हिशेब मांडत आहोत.

समजा, १० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ९,००० रुपये. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते जेमतेम १,५००. पण घरखर्चातून वाचवून दरमहा २,००० रुपये जादा भरले, तर तेच कर्ज पावणेतेरा वर्षांत फिटते आणि सुमारे पावणेपाच लाखांचे व्याज वाचते. व्याज देणे ज्यांच्या मनाला बोचते, त्यांची सुटकाही तितकी लवकर होते.

हे २,००० आणायचे कुठून? नवराबायकोने मिळून महिन्याचा खर्च वहीत लिहावा. हप्त्यावरचा नवा मोबाईल, हॉटेलचे जेवण, लग्नकार्यातील हौसेचे कपडे येथे हात आखडावा. मुलांची फी व औषधपाणी यांत काटकसर नको. मिरकरवाड्याच्या मच्छीमारांनी पावसाळी बंदीची बेगमी आधी करावी. आंबेवाल्यांनी हंगामानंतर एकरकमी भरणा करावा. धंद्याचे भांडवल मात्र मोडू नये.

बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांनी घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१२ पासून आहे. जादा रक्कम भरताना ‘हप्ता नको, मुदत कमी करा’ असे लेखी द्यावे. कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत, असा २०२३ चा नियम आहे. ती मागून घ्यावीत. ती हाती आली की घर खरे आपले!