अळंबी वनस्पती नाही, देवमासा मासा नाही

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही सजीवांची उतरंड शाळेत घोकून घेतात. नावं लक्षात राहतात. पण कोणाला कुठे आणि का बसवलं, हे मात्र निसटतं. वर्गीकरण रंगरूपावर नाही, तर वंशाच्या नात्यावर चालतं. हे न कळल्याने पुढचे गैरसमज रूढ होतात.

गैरसमज: पाण्यात पोहतो तो मासा.
वस्तुस्थिती: देवमासा फुफ्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. म्हणूनच कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत घातलं. डीएनएच्या पुराव्यानुसार त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग आहे पाणघोडा.

गैरसमज: अळंबी ही वनस्पतीच.
वस्तुस्थिती: पावसाळ्यात वारुळावर उगवते, जागची हलत नाही आणि तिची भाजीही होते. पण तिच्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे स्वतःचं अन्न तिला बनवता येत नाही. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, तेच खेकड्याच्या कवचातही सापडतं. अन्नाचा साठा ती आपल्या यकृतासारखाच ग्लायकोजेनच्या रूपात करते. रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच सृष्टींत अळंबीसारख्या कवकांची सृष्टी स्वतंत्र आहे. डीएनए तर कवकांना वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळ नेऊन बसवतो.

गैरसमज: फळं वेगळी, म्हणजे कुळंही वेगळी.
वस्तुस्थिती: आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. तिघांच्याही खोडात राळ वाहून नेणाऱ्या नलिका असतात. आंब्याच्या देठाचा चीक लागून ओठाला येणारा फोड, काजूच्या टरफलातलं अंग भाजणारं तेल आणि बिब्बा उतणं, या तिन्हींमागची रसायनंही एकमेकांच्या जवळची आहेत.

गैरसमज: पाच सृष्टी ठरल्या, विषय संपला.
वस्तुस्थिती: गोबर गॅसच्या टाकीत मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंसारखेच दिसतात. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये अशा जीवांचा रायबोसोमल आरएनए तपासला, तेव्हा ते जिवाणूंपासून फार दूरचे निघाले. त्यांना आर्किया म्हणतात. वूज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सृष्टींच्याही वर तीन अधिक्षेत्रं मांडली: जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी. पाच सृष्टींपैकी मोनेरा या सृष्टीत एकत्र मोजलेले जीव दोन अधिक्षेत्रांत विभागले गेले. पाच सृष्टी आजही शिकवतात, कारण सुरुवातीला त्या सोप्या पडतात; संशोधक मात्र नवा पुरावा हाती आला की मांडणी बदलतात.