गोदीत उभं राहिलेलं मैदान

२०२१ च्या उन्हाळ्यापासून लिव्हरपूल शहरातल्या निळ्या बाजूला एक नवं व्यसन लागलं, बांधकाम बघण्याचं. या शहराच्या दोन बाजू आहेत. लाल म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लब आणि निळी म्हणजे एव्हर्टन. एकाच घरात बाप लाल आणि पोरगा निळा असंही इथे सर्रास असतं. मर्सी नदीच्या काठावरच्या एका जुन्या गोदीत एव्हर्टनचं नवं स्टेडियम उभं राहू लागलं आणि हौशी ड्रोनवाले वरून चित्रीकरण करून आठवड्यागणिक व्हिडिओ टाकू लागले. ते पाहून कामावर, पबमध्ये, घरच्या जेवणात चर्चा रंगायची. दक्षिणेकडच्या स्टँडचं पोलाद कुठवर चढलं? ती क्रेन कालपासून हलली का नाही? छपराचा पहिला तुकडा कधी बसणार? ज्यांनी आयुष्यात कधी विटेला वीट लावली नव्हती, ते लोक तुळया आणि आधीच ओतून आणलेल्या काँक्रीटच्या पायऱ्यांबद्दल अधिकारवाणीने बोलू लागले.

ही उत्सुकता समजून घ्यायची तर आधी जुनं घर पाहायला हवं. एव्हर्टन क्लबचा जन्म १८७८ चा. एका चर्चच्या पोरांचा हा संघ सुरुवातीची काही वर्षं ॲनफिल्डवर खेळायचा, म्हणजे आज लिव्हरपूलचं जे तीर्थक्षेत्र आहे त्याच मैदानावर. बीअर गाळणारे जागामालक जॉन हौल्डिंग यांच्याशी भाड्यावरून वाजलं आणि १८९२ साली एव्हर्टनने बाडबिस्तरा उचलला. रिकाम्या मैदानाचं काय करायचं म्हणून हौल्डिंगनी नवा क्लब काढला, तोच आजचा लिव्हरपूल. निळे लोक ही गोष्ट सांगायची संधी सोडत नाहीत.

स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे त्यांनी गुडिसन पार्क बांधलं. २४ ऑगस्ट १८९२ ला ते उघडलं. खास फुटबॉलसाठी बांधलेल्या जगातल्या पहिल्या मोठ्या मैदानांपैकी हे एक. आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याने पुढे त्याचे स्टँड रचले. सज्ज्याच्या पुढच्या बाजूला फुल्यांसारखी आडवीतिडवी पोलादी जाळी ही त्याची खूण होती. कोपऱ्यात दोन स्टँडच्या बेचक्यात सेंट ल्यूकचं चर्च डोकावतं. १९६६ च्या विश्वचषकात याच मैदानावर उत्तर कोरियाने पोर्तुगालला तीन गोलांनी मागे टाकलं होतं आणि शेवटी पोर्तुगालने ५-३ असा सामना काढला. १९२७-२८ च्या एका हंगामात एव्हर्टनसाठी लीगमध्ये ६० गोल करणारा डिक्सी डीन १९८० साली इथेच लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघताना गेला. शेकडो पाठीराख्यांची रक्षा मैदानाच्या कडेला पुरलेली आहे. शेवटी जागाच उरली नाही म्हणून २००४ मध्ये क्लबला ती प्रथा थांबवावी लागली.

पण भावनेने खांबाच्या आरपार दिसत नाही. गुडिसनला हजारो जागा अशा होत्या की समोर पोलादी खांब, डोक्यावर ठेंगणं छप्पर, आणि गोल झाला की नाही हे शेजाऱ्याच्या ओरडण्यावरून कळणार. चारही बाजूंना चाळींसारखी लागून घरं असल्याने मैदान वाढवायला वाव नव्हता. सुमारे ३९ हजारांच्या क्षमतेवर आजच्या प्रीमियर लीगमध्ये पैशाची गणितं जुळत नाहीत.

म्हणून जागेचा शोध सुरू झाला आणि तो पंचवीसएक वर्षं चालला. आधी शहराच्या मध्याजवळची किंग्ज डॉक ही गोदी ठरली. जागा सोन्यासारखी होती, पण क्लबला आपल्या वाट्याचे पैसेच उभे करता आले नाहीत आणि २००३ मध्ये ते बारगळलं. मग टेस्को या किराणा साखळीबरोबर कर्कबी गावात जायचा बेत आला. कर्कबी हे शहराच्या हद्दीबाहेर. २००७ साली क्लबने पाठीराख्यांचं मतदान घेतलं, त्यात सुमारे ५९ टक्के लोक जायला तयार झाले. उरलेल्या ४१ टक्क्यांनी मात्र हार मानली नाही. क्लब शहरातच राहिला पाहिजे म्हणून त्यांनी मोहीम चालवली, कागदपत्रं वाचली, चौकशीत साक्षी दिल्या. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनेच तो प्रस्ताव फेटाळला. त्यानंतर वॉल्टन हॉल पार्कची घोषणा झाली आणि तीही विरली. इतक्या वेळा तोंड पोळल्यावर पुढची घोषणा झाली तेव्हा निळ्यांनी ताकसुद्धा फुंकून प्यायलं यात नवल नाही.

ती घोषणा ब्रॅमली-मूर डॉकची. जेसी हार्टली या गोदी-अभियंत्याने बांधलेली ही गोदी १८४८ ला सुरू झाली. मोठमोठे ग्रॅनाइटचे दगड एकमेकांत बसवून केलेल्या तिच्या भिंती आजही ठाम आहेत. इथून मुख्यतः कोळसा जायचा. लिव्हरपूलच्या या गोद्यांशी आपलाही जुना संबंध आहे. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिकडचा कापूस थांबला तेव्हा मुंबईच्या बंदरातून निघालेल्या गाठी याच शहरात उतरत होत्या आणि इथल्या भावावर मुंबईत माणसं लखपती किंवा कंगाल होत होती.

गोदीत स्टेडियम बांधायचं म्हणजे आधी पाण्याचं काय करायचं हा प्रश्न. २०२१ च्या फेब्रुवारीत महापालिकेने परवानगी दिली आणि लँग ओ'रूर्क कंपनीने उन्हाळ्यात काम हाती घेतलं. गोदीतले मासे पकडून दुसरीकडे सोडले. मग आयरिश समुद्राच्या तळाची रेती खेचून आणणारं जहाज फेऱ्या घालू लागलं. पाण्यात कालवलेली ती रेती नळातून गोदीत सोडायची, ती तळाशी बसत जाते आणि पाणी बाहेर निघत जातं. अशी सुमारे पाच लाख घनमीटर रेती ओतली गेली. हार्टलीच्या भिंती फोडल्या नाहीत, त्या भरावाखाली जशाच्या तशा राहिल्या. पश्चिमेला पाण्याचा एक पाट मोकळा ठेवला. १८८३ चा जलदाबाचा मनोरा दुरुस्त केला. जहाजं बांधायचे खुंटे आणि मालगाडीचे रूळ चौकातल्या फरशीत राखले. तरी युनेस्कोचं समाधान झालं नाही. २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलेला लिव्हरपूलचा बंदरभाग २०२१ च्या जुलैत यादीतून काढला गेला, आणि कारणांत या स्टेडियमचाही उल्लेख होता. यावर शहरात बरीच ओरड झाली. मला विचाराल तर वर्षानुवर्षं ओसाड, कुलूपबंद पडलेल्या गोदीपाशी कोणी वारसा बघायला जात नव्हतं. पण युनेस्कोचा आक्षेप अगदीच पोकळ होता असंही म्हणवत नाही. पाणी गेलं ते गेलंच.

डॅन माइस या अमेरिकी वास्तुकाराच्या आराखड्यावर पाठीराख्यांनी जितकी चर्चा केली तितकी एखाद्या शहराच्या विकास आराखड्यावर होत नाही. मुख्य मुद्दा होता स्टँडच्या चढाचा. गुडिसनचा आवाज प्रेक्षक मैदानाला चिकटून बसल्यामुळे यायचा. नवीन स्टेडियमं ऐसपैस असतात, तिथे प्रेक्षक मागे सरकतो, आवाज छपराखाली विरून जातो. मग तिकीट महाग आणि वातावरण वाचनालयाचं. हे होऊ नये म्हणून दक्षिणेचा स्टँड एकाच उतारावर, सुमारे १३ हजार लोकांचा केला. त्याचा चढ जवळजवळ ३५ अंशांचा आहे. त्याहून उभा चढ इंग्लंडमध्ये चालत नाही. खालचा भाग आजूबाजूच्या गोदामांसारखा विटांचा, वर पोलाद आणि काच. आणि त्या विटांच्या बांधणीत लीचची फुल्यांची नक्षी उतरवली आहे. ही नक्षी म्हणजे शोभेचा लाड आहे असं काही जण म्हणाले, पण गुडिसनवर वाढलेल्या माणसाला ती दारातच ओळख देते.

गंमत अशी की इमारत चढत होती तेव्हा क्लब बुडत होता. २०२२ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना ३-२ ने जिंकून संघ खालच्या श्रेणीत जाता जाता वाचला. पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी बोर्नमथला १-० ने हरवून पुन्हा वाचला. १९५४ पासून हा क्लब सलग पहिल्या श्रेणीत आहे. ५० हजारांचं नवं स्टेडियम आणि त्यात दुसऱ्या श्रेणीचं फुटबॉल, ही भीती दोन-तीन वर्षं प्रत्येक चर्चेच्या बुडाशी होती. तेव्हाचे मालक फरहाद मोशिरी यांचे निकटवर्ती, रशियन उद्योगपती अलिशेर उस्मानोव्ह यांच्या कंपनीने स्टेडियमच्या नावाच्या पहिल्या हक्कासाठी तीन कोटी पौंड दिले होते. युक्रेनयुद्धानंतर उस्मानोव्हवर निर्बंध आले आणि तो पैसा आटला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्थिक नियम मोडले म्हणून क्लबचे दहा गुण कापले. अपिलात ते सहा झाले, मग आणखी दोन गेले. बचावात स्टेडियमवरच्या कर्जाच्या व्याजाचा मुद्दा होता, तो आयोगाने मानला नाही. ७७७ पार्टनर्स नावाचा खरेदीदार आला आणि गेला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फ्रिडकिन ग्रुपने क्लब घेतला तेव्हा कुठे श्वास आला. या सगळ्या धुमाळीत गोदीतलं काम तेवढं पुढे सरकत राहिलं. शनिवारी संघ हरायचा आणि सोमवारी ड्रोनमधून छप्पर वाढलेलं दिसायचं. लोक त्या व्हिडिओंना एवढे का चिकटले होते, ते यावरून कळतं. याच बांधकामावर २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका तरुण कामगाराचा अपघातात जीव गेला. तो स्वतः निळा होता. पुढच्या सामन्यांत गुडिसनने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

१८ मे २०२५ ला पुरुषांच्या संघाने गुडिसनचा निरोप घेतला. साउथॅम्प्टनविरुद्ध २-०, दोन्ही गोल इलिमान एनदियेचे. नव्या मैदानावर लीगचा पहिला सामना २४ ऑगस्टला झाला. गुडिसन उघडल्याची तीच तारीख, १३३ वर्षांनी. ब्रायटनला २-० हरवलं, पहिला गोल पुन्हा एनदियेचा, आणि गोलरक्षक पिकफर्डने पेनल्टी अडवली. स्टेडियमला आता हिल डिकिन्सन या लिव्हरपूलच्याच वकिलांच्या फर्मचं नाव आहे. जुने लोक मात्र अजूनही ब्रॅमली-मूरच म्हणतात, आणि म्हणत राहतील. गुडिसन आधी पाडायचं ठरलं होतं, ते आता महिला संघाला दिलं आहे. क्लबने अलीकडे घेतलेल्या निर्णयांत हा सर्वांत शहाणा.

५२ हजार ७६९ जागांच्या स्टेडियमला चालत जाण्यासारखं लोकल स्थानक मुख्यतः एकच आहे, सँडहिल्स. सामना संपल्यावर तिथली रांग आणि मर्सीवरून येणारा बोचरा वारा, या दोन तक्रारी आता कायमच्या झाल्या आहेत. त्या रांगेत २००७ साली कर्कबीला हो म्हणणारेही असतील आणि नाही म्हणणारेही. निवाडा माझ्या मते नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूने लागला. त्या ४१ टक्क्यांनी हट्ट सोडला असता तर हा क्लब आज शहराबाहेर, सुपरमार्केटच्या शेजारी खेळत असता. २०२८ च्या युरो स्पर्धेचे सामने इथे व्हायचे आहेत. त्याआधी सँडहिल्स स्थानकाचं मात्र शहराने काहीतरी करायला हवं.