'ब्लॉकेज किती टक्के?' हा प्रश्न अपुरा

ट्रेडमिलवरील चाचणी व्यवस्थित पार पडली, अहवालावर 'नॉर्मल' असा शेरा आला आणि त्यानंतर काही महिन्यांतच हृदयविकाराचा झटका आला, अशी उदाहरणे शहरांत अनेकांच्या ऐकिवात असतात. मग चाचणी चुकली की डॉक्टर चुकले, याची चर्चा रंगते. प्रत्यक्षात पुष्कळदा दोघांचेही चुकलेले नसते. त्या चाचणीकडून जे उत्तर अपेक्षित धरले गेले, ते देण्यासाठी ती चाचणी नसतेच.

स्ट्रेस टेस्टमध्ये पाहिला जातो तो रक्तप्रवाहातील अडथळा. हृदयाला रक्त पुरविणारी करोनरी रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली, की श्रमाच्या वेळी रक्त अपुरे पडते आणि ईसीजीमध्ये बदल दिसतात. झटका मात्र बहुधा येतो तो वाहिनीच्या भिंतीत साचलेला मेदाचा थर, म्हणजे प्लाक, फुटल्यामुळे. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी अचानक बंद होते. फुटण्यापूर्वी अशा थराने निम्मी जागाही अडविलेली नसते, असे अनेकदा आढळते. म्हणूनच ब्लॉकेजच्या टक्केवारीबरोबर आजार किती पसरला आहे आणि तो कोणत्या स्वरूपाचा आहे, हेही जाणून घ्यावे लागते.

धोक्याचे गणित

या गणिताचा पाया अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात घातला गेला. तेथे १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध अशा अभ्यासांतून स्पष्ट होत गेला आणि त्यातूनच पुढील दहा वर्षांतील धोका टक्क्यांत सांगणारे 'रिस्क स्कोअर' तयार झाले. धोका दहा टक्के आहे याचा अर्थ तशाच शंभर व्यक्तींपैकी सुमारे दहा जणांना त्रास होण्याची शक्यता आहे. ते दहा जण कोणते, हे गणित सांगू शकत नाही.

शिवाय फ्रेमिंगहॅममधील बहुतेक सहभागी गौरवर्णीय होते. भारतीय उपखंडातील लोकांत हा विकार तुलनेने लवकरच्या वयात आढळतो. ब्रिटनमध्ये २००८ साली आलेल्या 'क्यूरिस्क-२' या गणितात भारतीय वंशाचा स्वतंत्र विचार करण्यात आला. अमेरिकेतील २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांनीही दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढविणारा घटक मानला.

भिंतीतील पुरावा

गणिताने जे केवळ संभाव्य म्हणून सांगितले, ते प्रत्यक्षात कितपत घडले आहे, हे सीटी स्कॅन दाखवू शकतो. आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये करोनरी वाहिन्यांतील कॅल्शियम मोजण्याची पद्धत मांडली. या तपासणीत शिरेतून औषध टोचावे लागत नाही. लक्षणे नसलेल्या व्यक्तीचा स्कोअर शून्य असेल, तर नजीकच्या वर्षांतील धोका सहसा कमी असतो. स्कोअर शंभर वा त्याहून अधिक असेल, तर स्टॅटिन गटातील औषधे सुरू करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. मात्र शून्य म्हणजे अभयदान नव्हे. कॅल्शियम न साचलेला मऊ प्लाक या तपासणीत दिसत नाही. त्यामुळे तरुण, धूम्रपान करणारे, मधुमेही आणि घराण्यात लवकर हृदयविकार झालेले यांनी शून्यावर विसंबून राहू नये.

मऊ प्लाक पाहायचा, तर डाय देऊन केलेली सीटी अँजिओग्राफी लागते. तिचा उपयोग कसा होतो, हे स्कॉटलंडमधील 'स्कॉट-हार्ट' या अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवून दिले. छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या ४,१४६ रुग्णांपैकी ज्यांची नेहमीच्या उपचारांसोबत ही तपासणी झाली, त्यांच्यात पाच वर्षांत करोनरी विकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के होते. इतरांत ते ३.९ टक्के होते. आजार डोळ्यांसमोर आल्यावर योग्य औषधे अधिक रुग्णांना मिळाली, हे त्याचे एक कारण मानले जाते.

स्कोअर वाढला तर?

काही वर्षे नियमित स्टॅटिन घेऊनही कॅल्शियम स्कोअर वाढल्याचे पाहून रुग्ण हवालदिल होतात. काही जण तर औषध निरुपयोगी ठरले असे समजून ते बंद करतात, आणि खरा धोका येथेच असतो. स्टॅटिनमुळे मऊ प्लाकमधील मेद कमी होतो आणि थर घट्ट होऊन त्यात कॅल्शियम वाढते. असा घट्ट थर फुटण्याची शक्यता कमी असते. अ‍ॅगॅटस्टन पद्धतीत मात्र कॅल्शियम जितके दाट, तितके गुण अधिक. त्यामुळे प्लाक स्थिरावत असतानाही स्कोअर चढू शकतो. म्हणूनच स्टॅटिन घेणाऱ्यांनी हा स्कोअर पुन्हापुन्हा काढण्यात फारसा अर्थ नाही. रक्तदाब, साखर आणि 'एलडीएल' कोलेस्टेरॉल आटोक्यात आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

कोणतीही तपासणी करून घेण्यापूर्वी 'या अहवालाने माझ्या उपचारांत काय बदलेल?' असे डॉक्टरांना जरूर विचारावे. आणि छातीत दाब, घाम, धाप अशी लक्षणे जाणवत असतील, तर कोणत्याही स्कोअरची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. जुना 'नॉर्मल' अहवाल अशा वेळी घरीच राहू द्यावा.