कर्कश म्हणावे कोणाला?

परवा माझी भाची वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, 'कॅकॉफनी'ला मराठीत काय म्हणतात?"

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने अशा प्रश्नाला अडू नये, असा घरच्यांचा समज असतो. तो राखण्यासाठी मी तत्काळ म्हणालो, "कर्कश आवाज." भाचीने लिहून घेतले. पण आरामखुर्चीत पडलेले वडील डोळे न उघडताच म्हणाले, "कावळा एकटा ओरडला तरी तो कर्कशच. तुझ्या ह्या शब्दाचं तसंच आहे का रे?"

तसे नव्हते! ग्रीक भाषेत 'काकोस' म्हणजे वाईट आणि 'फोने' म्हणजे ध्वनी. पण वापरात ह्या शब्दाने बहुधा एकट्याचा आवाज सुचवला जात नाही. भोंगा, करवत, कुत्री आणि शेजारचा रेडिओ एकाच वेळी सुरू व्हावेत, कोणाचा कोणाशी मेळ नसावा, म्हणजे ती कॅकॉफनी.

आपल्या 'कर्कश'चे कूळच निराळे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ कठीण, खरखरीत. म्हणजे हा शब्द आधी हाताला लागला, मग कानाला टोचला आणि शेवटी स्वभावाला चिकटला. भांडखोर बाईला 'कर्कशा' म्हणायला आपण चुकलो नाही. पुरुष कितीही ओरडले तरी त्यांच्यासाठी मात्र तसा शब्द घडवायचे भाषेला सुचले नाही!

कठोर ध्वनी वाईटच, असेही आपले पूर्वसूरी मानत नसत. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त 'श्रुतिकटु' हा दोष सांगितला. पण रौद्र रसात तोच गुण ठरतो, हेही सांगितले. शृंगारात 'ट-ठ-ड-ढ' कानाला खुपतात, युद्धवर्णनात तेच ओज आणतात. दोष आवाजात नसतो, जागेत असतो.

आणि मराठीला तर आवाजांचे भारीच वेड. मेघांचा गडगडाट, विजेचा कडकडाट, गाडीचा खडखडाट, पाखरांचा किलबिलाट, कावळ्यांचा कलकलाट, माणसांचा गोंगाट. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे तर आपण मुलांना ऐकवतोच. चांगले नाणे खणखणीत वाजते, खोटे बद्द. भांडे ठणठण वाजले की ते धड आहे. म्हणूनच दुखण्यातून उठलेल्या माणसाला आपण 'ठणठणीत' म्हणतो. खिशात काही नसले की मात्र त्याच आवाजाचा ठणठणगोपाळ होतो.

वडिलांना ही भाषा पुस्तकातून कळलेली नाही. नाशिकच्या जुन्या गावात, तांबटांच्या शेजारी त्यांचे बालपण गेले. दिवसभर तांब्यावर हातोड्यांचे ठोके. "त्या आवाजात मी गाढ झोपायचो," ते सांगतात. "ठोके थांबले की जाग यायची."

हेच वडील गेल्या गणेशोत्सवात, हृदयविकारातून उठून जेमतेम महिना झालेला असताना, रात्री उशीला कान दाबून बसले होते. खाली ध्वनिक्षेपकांची भिंत उभी होती आणि खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मी तावातावाने खाली उतरलो. 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, असे पाठ केल्यासारखे सांगून शेवटी म्हणालो, "हा कर्कशपणा बंद करा!"

पोरे दुखावली. "सर, देवाच्या मिरवणुकीला कर्कश म्हणता?" एकजण म्हणाला. त्यांतला एक माझाच विद्यार्थी होता. त्याने नजर चुकवली. मी हात हलवीत वर आलो. वडिलांची ती रात्र बसूनच गेली.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याच मुलांना वर बोलावले. चहा दिला. मी धास्तावून दाराशी उभा. वडील एवढेच म्हणाले, "काल तुमच्या पोरांचा ढोल होता ना? मला ऐकूच आला नाही रे."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. दोन महिने रोज संध्याकाळी सराव करून बसवलेला तो ढोल त्या भिंतीपुढे कोणालाच ऐकू आला नव्हता. त्यांच्या आयांनाही नाही.

त्या रात्री ती भिंत हटली असे नाही. पण तिचा आवाज पुष्कळ उतरला आणि आमच्या दारापुढे तर ती काही वेळ बंदच राहिली. नाशिकचा ढोल, तो काय हळू वाजणार! पण वडील खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून बसले होते. रात्री त्यांना झोप लागली. मला मात्र उशिरापर्यंत लागली नाही. नियम माझा बरोबर होता, शब्द चुकला होता.

हे सारे आठवले तसे मी भाचीला म्हणालो, "खोड ते. 'गोंगाट' लिही."

"आणि अर्थ?"

मी शब्द जुळवू लागलो. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "लिही पोरी, ज्यात कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही, तो."

भाचीने ते लिहून घेतले. मीही.